उकळीनंतरचं दही

जून १९८९ मध्ये इंग्लंडच्या वायव्य भागात आणि वेल्समध्ये काही माणसं चमत्कारिक तक्रारी घेऊन दवाखान्यात येऊ लागली. कुणाला एकाच्या दोन वस्तू दिसत होत्या, कुणाला घास गिळता येत नव्हता, कुणाच्या पापण्या मिटल्या की उघडत नव्हत्या. निदान झालं बोट्युलिझमचं. हा आजार तिथे इतका क्वचित होतो की बहुतेक डॉक्टरांनी तो पुस्तकातच पाहिलेला. रुग्णांची संख्या २७ वर गेली आणि त्यातला एक दगावला. ब्रिटनमधली बोट्युलिझमची ती तोवरची सर्वांत मोठी साथ होती. या सगळ्यांनी काय खाल्लं याचा माग काढता काढता तपास एका पदार्थापाशी येऊन थांबला. तो होता हेझलनट घातलेलं योगर्ट.

दह्याचं शास्त्र माहीत असलेल्या माणसाला ही गोष्ट पटायला जड जाते. बोट्युलिझमचं विष तयार करणारा क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जिवाणू ४.६ पेक्षा कमी सामूला वाढू शकत नाही, आणि योगर्टचा सामू त्याहून खालीच असतो. मग विष आलं कुठून? ते योगर्टमध्ये तयार झालंच नव्हतं. योगर्टमध्ये मिसळायचा हेझलनटचा गर डबाबंद करून दुसरीकडून येत होता. उष्मांक कमी करायचे म्हणून त्या गरात साखरेऐवजी ॲस्पार्टेम घातलं होतं. भरपूर साखर असली की ती पाणी धरून ठेवते, आणि पाण्यावाचून जिवाणूंना हातपाय पसरता येत नाहीत. साखर गेली आणि ते संरक्षणही गेलं. मात्र डबे तापवण्याची पद्धत या जिवाणूच्या बीजाणूंना मारण्याइतकी कडक नव्हती. बंद डब्यात हवा नाही, आंबटपणा पुरेसा नाही आणि बीजाणू जिवंत. विष तिथेच साठलं आणि तयार स्थितीत योगर्टमध्ये उतरलं. आंबटपणा जिवाणूची वाढ थोपवतो, पण आधीच तयार होऊन आलेलं विष तो निकामी करत नाही.

ही घटना मला महत्त्वाची वाटते, कारण दह्याबद्दलचा आपला भरवसा कुठे खरा आहे आणि कुठे आंधळा, हे ती नेमकं दाखवते. दही स्वतःची राखण करतं हे खरं आहे. पण दूध तापवून झाल्यावर त्यात जे काही शिरतं, म्हणजे विरजण, हात, भांडं, फडकं, हवा, फळांचा गर, पाणी, बर्फ, त्या प्रत्येकापासून ते स्वतःला वाचवू शकत नाही. बाजारातल्या दह्याच्या स्वच्छतेचा प्रश्न जवळपास सगळा या उकळीनंतरच्या टप्प्यात आहे.

दुधाचा सामू साधारण ६.६ ते ६.७ असतो. जवळजवळ कुठल्याही जिवाणूला तो मानवतो, शिवाय दुधात साखर आहे, प्रथिनं आहेत, पाणी आहे. विरजणातले जिवाणू दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, खाऊन लॅक्टिक आम्ल सोडतात. सामू उतरत उतरत ४.६ च्या आसपास आला की केसीन हे प्रथिन एकमेकांना धरून जाळं बनवतं आणि दूध बसतं. योगर्टमध्ये हे काम लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस आणि स्ट्रेप्टोकोकस थर्मोफिलस ही जोडी करते. त्यातल्या पहिल्याची ओळख १९०५ मध्ये स्तामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन तरुणाने जिनिव्हात पटवली. आपल्या दह्यात बहुतेक वेळा लॅक्टोकोकस जातीचे जिवाणू असतात, त्यांना खोलीचं कोमट तापमान पुरतं.

इथे वेळेचा हिशेब लक्षात घ्यायला हवा. कारखान्यात योगर्टचं दूध ९० अंशांच्या वर काही मिनिटं तापवतात, मग ४२ अंशांच्या आसपास आणून विरजतात. तीन ते पाच तासांत ते बसतं आणि लगेच थंड केलं जातं. घरगुती पद्धतीचं दही ३० अंशांच्या आगेमागे आठ-दहा तास घेतं. या सगळ्या काळात दूध कोमट आणि अजून गोडसर असतं, म्हणजे विरजणाच्या जिवाणूंना जितकं सुखाचं तितकंच इतरांनाही. ही शर्यत आहे. विरजण दमदार असेल तर आम्ल झपाट्याने तयार होतं आणि बाकीचे मागे पडतात. विरजण मरगळलेलं असेल तर आंबटपणा यायला उशीर होतो, आणि त्या उशिरातच नको ते घडून जातं.

सर्वांत जास्त धास्ती स्टॅफिलोकोकस ऑरियसची. हा जिवाणू निरोगी माणसाच्या नाकातही असू शकतो, हाताला झालेल्या फोडात, चिघळलेल्या जखमेत तर असतोच. दूध विरजताना बोट बुडवून कोमटपणा पाहायची सवय कित्येकांना असते. त्या बोटावर पिकलेली जखम असेल आणि विरजण संथ असेल, तर पहिल्या काही तासांत हा जिवाणू वाढतो आणि विष सोडतो. पुढे दही आंबट झालं की तो मरेलही, पण त्याचं विष राहतं. ते उकळूनही सहजासहजी नष्ट होत नाही, त्यामुळे त्या दह्याची कढी केली तरी उपयोग नाही. खाल्ल्यावर दोन-चार तासांत उलट्या सुरू होतात. आणि असं दही चवीला, वासाला, दिसायला अगदी नेहमीसारखं असू शकतं.

विरजण संथ का होतं याचं एक कारण थेट गोठ्यात सापडतं. गाईला किंवा म्हशीला कासदाह झाला की प्रतिजैविकाचं इंजेक्शन कासेत देतात. औषधाचा अंश दुधातून जाईपर्यंत काही दिवस ते दूध विकायचं नसतं, पण रोजचं दूध ओतून देणं लहान शेतकऱ्याला परवडत नाही. ते दूध संकलनात येतं. स्ट्रेप्टोकोकस थर्मोफिलस पेनिसिलिनपुढे फारच नाजूक आहे, अगदी सूक्ष्म मात्राही त्याला लुळं करते. मग दही लागत नाही किंवा पाणीदार लागतं. त्यात हेही ध्यानात घ्या, की कासदाहाच्या मोठ्या कारणांपैकी एक हाच स्टॅफिलोकोकस ऑरियस आहे. आजारी कासेतलं दूध एका बाजूने हा जिवाणू आणतं आणि दुसऱ्या बाजूने त्याच्याशी लढणाऱ्या विरजणाला दुबळं करतं. दूध तापवल्यावर जिवाणू मरतो, औषधाचा अंश मात्र बराचसा तसाच उरतो. आंबूस होऊ लागलेलं दूध लपवण्यासाठी घातलेला सोडा, ते टिकावं म्हणून घातलेलं हायड्रोजन पेरॉक्साइड, हेही विरजणाच्या मुळावर उठतात.

म्हणून चांगल्या डेअरीत दूध आत घेण्यापूर्वी प्रतिजैविकाची चाचणी होते. एका प्रचलित चाचणीत छोट्या नळीत जांभळ्या रंगाचं माध्यम आणि एका उष्णताप्रिय जिवाणूचे बीजाणू असतात. त्यात दुधाचे काही थेंब टाकून नळी सुमारे ६४ अंशांवर अडीच-तीन तास ठेवतात. जिवाणू वाढला की आम्ल तयार होतं आणि जांभळा रंग पिवळा होतो. नळी जांभळीच राहिली, तर समजायचं की दुधात जिवाणूला वाढू न देणारं काहीतरी आहे.

आता तापवण्यानंतरचा टप्पा. १९९१ मध्ये, पुन्हा वायव्य इंग्लंडमध्येच, ई. कोलायच्या ओ१५७ या घातक प्रकाराने १६ जण आजारी पडले. बरीचशी लहान मुलं होती. दुवा होता तिथल्याच एका उत्पादकाच्या योगर्टचा. तपासात जे संशयास्पद दुवे पुढे आले त्यात एक पंप होता. कच्चं दूध टाकीत आणायला वापरलेलाच पंप पाश्चरीकरणानंतरचं दूध पुढे न्यायलाही वापरला जात होता. दूध शास्त्रशुद्ध तापवलेलं असलं, तरी तापल्यानंतर ते कच्च्या दुधाच्याच वाटेने गेलं तर ती सगळी मेहनत वाया जाते. आणि ओ१५७ हा आम्लाला बऱ्यापैकी चिवट आहे, फ्रिजमधल्या दह्यात तो काही दिवस तग धरू शकतो. त्याने होणारा आजार लहान मुलांच्या मूत्रपिंडावर जातो.

प्रयोगशाळेत दह्याच्या नमुन्यात कोलिफॉर्म शोधतात ते याच कारणासाठी. कोलिफॉर्म म्हणजे आतड्यात, शेणात, सांडपाण्यात आढळणाऱ्या जिवाणूंचा गट. त्यातले सगळे रोगकारक नसतात. पण ते पाश्चरीकरणात टिकत नाहीत, त्यामुळे दह्यात ते सापडले याचा अर्थ ते नंतर आत आले. कुठून, तर न धुतलेल्या हातातून, अस्वच्छ पाण्याने विसळलेल्या भांड्यातून, नीट न घासलेल्या नळीतून. दुधाची तपासणी करताना एकूण जिवाणूसंख्या पाहतात. दह्यात त्या संख्येला काहीच अर्थ नाही. आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकानुसार आंबवलेल्या दुधात विरजणाचे जिवाणू ग्रॅममागे किमान एक कोटी असायलाच हवेत. त्या कोट्यवधींच्या गर्दीतून दहा-पाच कोलिफॉर्म हुडकायचे असतात. त्यासाठी खास माध्यम वापरतात. त्यातली पित्तद्रव्यं इतर बऱ्याच जिवाणूंना अडवतात, आणि कोलिफॉर्म दुसऱ्या दिवशी गडद लाल ठिपक्यांच्या रूपात उगवतात.

या चाचणीत एक खोच आहे. दही जसजसं आंबत जातं तसतसे कोलिफॉर्म मरत जातात. त्यामुळे ताज्या नमुन्यात दोषी ठरलं असतं असं दही आठवड्याने तपासलं तर निर्दोष वाटू शकतं. अहवालावर नमुना घेतल्याचा दिवस आणि दही तयार झाल्याचा दिवस, दोन्ही पाहिल्याशिवाय त्या आकड्यावर विसंबू नये असं माझं मत आहे.

कोलिफॉर्म मागे हटतात तिथे यीस्ट आणि बुरशी पुढे येतात. आंबटपणा त्यांना अडवत नाही, थंडीही पूर्णपणे अडवत नाही. यीस्टच्या काही जाती लॅक्टोज खाऊन वायू करतात, काहींना घातलेली साखर किंवा फळांचा गर लागतो. म्हणून साध्या दह्यापेक्षा फळांचं योगर्ट, आम्रखंड, गोड लस्सी जास्त लवकर फसफसते. ग्रॅममागे यीस्ट लाखाच्या घरात गेलं की डब्याचं झाकण फुगतं, चव दारूसारखी लागते. बुरशीला हवा हवी असते, म्हणून ती वरच्या थरावर आणि झाकणाच्या आतल्या बाजूला दिसते. बुरशीचे बीजाणू हवेतून पडतात. भरण्याच्या खोलीत गाळलेली हवा सोडणं, बाहेरचा दरवाजा थेट तिथे न उघडणं, रिकामे कप उघडे न ठेवणं, या साध्या वाटणाऱ्या गोष्टींवर दह्याचे पुढचे पंधरा दिवस ठरतात.

मोठा कारखाना म्हणजे निर्धोक दही, असं मात्र नाही. अमेरिकेत चोबानी हा ग्रीक योगर्टचा मोठा ब्रँड. आयडाहो राज्यातल्या ट्विन फॉल्स इथे २०१२ च्या अखेरीस त्यांचा अवाढव्य कारखाना सुरू झाला. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये ग्राहक कळवू लागले की कप फुगलेत, आतलं योगर्ट बुडबुड्यांनी फसफसतंय. सप्टेंबर २०१३ मध्ये कंपनीने माल परत मागवला. पोटदुखी, मळमळ, जुलाब अशा तक्रारी करणाऱ्या ग्राहकांची संख्या दोनशेवर गेली. दोषी होती म्यूकर सर्सिनेलॉइडिस ही बुरशी. ही बुरशी डेअरीत सहज आढळते आणि निरोगी माणसाला तिचा फारसा धोका नाही, असं तेव्हा सांगण्यात आलं. ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी एका बिघडलेल्या डब्यातून ती बुरशी वेगळी केली, तिचा जनुकीय नकाशा काढला आणि उंदरांवर प्रयोग केले. रक्तात टोचल्यावर ती उंदरांसाठी प्राणघातक ठरली. पोटातून दिली तेव्हा तिचे बीजाणू आतड्यातून जिवंत बाहेर पडले. २०१४ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं. ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबलेली असते, म्हणजे केमोथेरपी चालू असलेले, अवयव प्रत्यारोपण झालेले रुग्ण, त्यांच्यासाठी ही जात खरोखर धोक्याची आहे. ‘बुरशी आलीये, वरचं काढून टाका आणि खा’ हा सल्ला आपल्याकडे अजून दिला जातो. दही मऊ असतं, बुरशीचे तंतू वर दिसतात त्याच्या खाली खोल गेलेले असतात. तो डबा टाकून द्यावा.

आपल्याकडे सुट्ट्या दह्याचा आणि चक्क्याचा व्यवहार मोठा आहे, आणि इथली जोखीम कारखान्यापेक्षा वेगळ्या ठिकाणी आहे. पहिली जोखीम विरजणाची. कालच्या दह्यातलं पळीभर आजच्या दुधात, आजचं उद्याच्या दुधात, अशी परंपरा चालते तेव्हा एकदा शिरलेलं यीस्ट रोज पुढच्या घाण्यात जातं. घरी लहान भांड्यात ते फारसं जाणवत नाही. मोठ्या टोपात रोज दोनशे लिटर दही लावणाऱ्याला ते महागात पडतं, आणि ते ओळखता येईपर्यंत कित्येक गिऱ्हाइकांपर्यंत पोहोचलेलं असतं. अशा व्यावसायिकाने ठरावीक काळाने शुद्ध विरजण नव्याने आणणं यासारखा स्वस्त उपाय नाही. कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत विरजणाच्या जिवाणूंचा राष्ट्रीय संग्रह आहे, आणि वाळवलेलं तयार विरजण पाकिटांतूनही बाजारात मिळतं.

दुसरी जोखीम चक्का टांगायच्या फडक्याची. पाडवा आणि दसऱ्याच्या आदल्या दिवसांत मागणी एकदम चढते, तेव्हा हे जवळून पाहण्यासारखं असतं. दही मलमलीच्या कापडात बांधून रात्रभर उघड्यावर टांगलेलं, खाली घमेल्यात पाणी ठिबकतंय, आणि सकाळी चक्का काढला की तेच कापड पिळून पुढच्या खेपेला तयार. कापडाच्या धाग्यांत दह्याचा अंश अडकून राहतो, साध्या पाण्याने तो निघत नाही, आणि ओलसर कापडावर यीस्ट आणि बुरशी मजेत वाढतात. चक्क्याला लागणारे आठ-दहा तास तापमानही त्यांच्या सोयीचं असतं. श्रीखंडातली भरपूर साखर बऱ्याच जिवाणूंना रोखते. पण यीस्टच्या काही जाती साखरेलाही दाद देत नाहीत, आणि स्टॅफिलोकोकस कमी पाण्यातही निभावून नेतो. कापड सोड्याच्या उकळत्या पाण्यात काढून, खळखळून धुऊन, उन्हात पूर्ण कोरडं केलं आणि चक्का थंड जागी टांगला तर फरक लगेच दिसतो. ज्या दुकानात हे होतं तिथला चक्का चार दिवसांनीही कडवट होत नाही.

तिसरी जोखीम ताकाची. दही कितीही चांगलं असो, ताक करताना त्यात पाणी आणि बर्फ पडतो आणि तिथून पुढे स्वच्छता दह्याच्या हातात राहत नाही. पाणी घातलं की आंबटपणा उतरतो. पाण्यातून, बर्फातून काविळीचे आणि जुलाबाचे विषाणूही येऊ शकतात, आणि विषाणूंना दह्यातल्या आम्लाचं फारसं काही वाटत नाही. मासळी आणि इतर माल थंड ठेवण्यासाठीचा बर्फ सरबतात, ताकात जातो हे लक्षात आल्यावर महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये अखाद्य बर्फात निळा रंग मिसळणं सक्तीचं केलं. गाडीवरच्या पेटीत निळसर लादी दिसली तर तिथे काही पिऊ नये.

सुट्टं दही घेताना मी तीन गोष्टी पाहतो. पातेलं फ्रिजमध्ये आहे की काउंटरवर. त्यावर झाकण आहे का. आणि नोटा मोजणारा हात तोच पळीला लागतोय का. दह्यावर आलेलं पाणी हा दोष नाही, जाळं हललं की निवळी सुटतेच. गुलाबी, हिरवा, काळा ठिपका, फुगलेलं झाकण, फसफस, दारूचा वास असेल तर मात्र ते दही परत करावं. गरोदर बाईने, तान्ह्या मुलाच्या आईने, कर्करोगाच्या उपचारातल्या माणसाने सुट्ट्या दह्याच्या वाटेला जाऊच नये. पाश्चराइज्ड दुधाचं, थंड ठेवलेलं, तारखेच्या आतलं पाकीट घ्यावं किंवा घरी लावावं. लिस्टेरियासारखा जिवाणू फ्रिजच्या थंडीतही जगतो आणि गर्भाला इजा करू शकतो, इतकं कारण पुरेसं आहे.

शंका आलेलं पाकीट बहुतेक जण संतापाने कचऱ्यात टाकतात. त्यामुळे पुरावाच नाहीसा होतो. पाकीट बंद करून फ्रिजमध्ये ठेवावं, बॅच क्रमांक, तारीख आणि चौदा अंकी परवाना क्रमांक यांचा फोटो काढावा आणि जिल्ह्याच्या अन्न सुरक्षा अधिकाऱ्याकडे तक्रार करावी. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या चाळिसाव्या कलमाने ग्राहकाला आणखी एक हक्क दिला आहे, तो फार थोड्यांना ठाऊक असतो. खरेदी करतानाच विक्रेत्याला तशी कल्पना देऊन आणि शुल्क भरून कुणीही खरेदीदार आपला नमुना अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. नमुना दोषी निघाला तर भरलेलं शुल्क परत मिळतं. सोसायटीत रोज पन्नास घरांत एकाच डेअरीचं दही येत असेल, तर वर्गणी काढून उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळ्यात एकदा असा नमुना द्यायला काहीच हरकत नाही. नमुना ताजा असावा, बर्फाच्या पेटीतून न्यावा, आणि कोलिफॉर्मबरोबर यीस्ट-बुरशीचीही तपासणी मागावी. यीस्ट-बुरशीच्या निकालाला पाच दिवस लागतात.